दोनशे लिटर

लघुमाहितीपटाचे निवेदन

[दृश्य: अंधारी शेड. खाली गॅसच्या ज्वाळा, वर लोखंडी साचा संथ डुलतो आहे.]

बडोदा, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत. बाहेर मे महिना आणि आत त्याच्यावर ताण. साच्यात साडेसहा किलो काळी पूड आहे, रांगोळीइतकी बारीक. पॉलिएथिलीनची. थोड्या वेळानं तिची पाण्याची टाकी होईल. पण ही टाकी गच्चीवर चढणार नाही, बोटीत उतरणार आहे.

[दृश्य: ट्रेलरवर फायबरची बोट. चार जण तिच्याभोवती फिरताहेत.]

बोट २६ फुटी. मालक चार, चौघेही बडोद्याच्या दांडियाबाजारातले, साठी उलटलेले. चांदोदहून निघायचं, नर्मदेनं खाली भरूच गाठायचं आणि आठ दिवस बोटीतच मुक्काम, असा बेत. नदीतूनच जायचं तर पाणी कशाला वाहायचं, हे घरोघरी विचारून झालं. पण भरूचकडे खंभातच्या आखाताची भरती नदीत शिरते आणि पाणी खारट होतं. म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर. चौघांचे आठ दिवसांचे १६०, वर ४० हाताशी. अंघोळीचं नर्मदामैया बघेल.

२०० लिटर म्हणजे २०० किलो. बोटीत तीन धट्टीकट्टी माणसं जादा घेतल्यासारखं, आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत.

[दृश्य: मोबाइलवरचं जुनं चित्रण. केबिनच्या टपावर गोल काळी टाकी.]

पहिल्यांदा हे असं होतं. बोट बांधणाऱ्या कारागिरानं ३०० लिटरची तयार टाकी टपावर बसवून टाकली. पंप नको, काही नको, नळ सोडला की पाणी. अशा टाक्यांना भारतीय मानकही आहे, आयएस १२७०१. फक्त गच्ची डुलत नाही, बोट डुलते.

[दृश्य: पितळी परात. तिच्यात पाणी ओतलं जातं.]

चौघांतले एक काका आयपीसीएल या इथल्या पेट्रोकेमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. ते वादात पडले नाहीत. घरून काकूंची कणकेची परात आणवली, तिच्यात चार बोटं पाणी घातलं आणि कारागिराला म्हणाले, "दादा, जरा शेडच्या टोकापर्यंत जाऊन या."

(निवेदन थांबते. कारागीर चालतो. १२ सेकंद.)

विजार भिजली. मग तेवढंच पाणी दोन कळशांत घेऊन तेच अंतर. थेंब सांडला नाही.

बोट कलली की टाकीतलं पाणी खालच्या अंगाला धावतं आणि तिला आणखी कलवतं. टाकी जितकी रुंद, तितकं हे जास्त. रुंद टाकीच्या मधोमध उभी भिंत घालून दोन कप्पे केले, तर हा उपद्रव निम्मा होत नाही, पाव होतो. हिशेबात रुंदीचा घन येतो म्हणून. तेव्हा एकीऐवजी दोन टाक्या ठरल्या. शंभर-शंभर लिटरच्या, लांबट, अरुंद, टपावरून थेट तळात, कण्याच्या दोन्ही अंगांना लगटून.

[दृश्य: हरणीचा तलाव, पहाट. माणूस नाही.]

१८ जानेवारी २०२४. याच शहरात, या तलावात बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या.

(निवेदन थांबते. पाणी.)

[दृश्य: पुन्हा शेड. कारागीर पूड वजनकाट्यावर तोलतो आहे.]

टाकी कशाची, यावर महिना गेला. स्टील डोळ्यांत भरतं आणि बोटीच्या पोटाबरहुकूम वाकवताही येतं. पण बाजारात चटकन हाती लागतं ते ३०४ प्रतीचं. खाऱ्या हवेत आणि क्लोरीनच्या पाण्यात त्याच्या जोडांपाशी खड्डे पडतात. ३१६ प्रतीचं त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे तग धरतं, पण महाग. बोटीच्या अंगातच फायबरची टाकी बांधून घेता येते. पण फायबरमधली राळ पुरती पिकली नाही तर पाण्याला तिच्यातल्या स्टायरीन या रसायनाचा वास लागतो. रबरी पिशवी हलून हलून घासते.

स्टीलवाल्यांवर जरा अन्याय होतो आहे, कबूल. पण आयपीसीएल १९६९ मध्ये निघाली तेव्हापासून प्लास्टिक हे बडोद्याचं घरचं माणूस. दांडियाबाजारातल्या कितीतरी घरांतून सकाळी डबा निघायचा तो कंपनीच्या बसला. २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली, पण पुडीला नुसतं बोट लावून ती कशी वितळेल हे सांगणारी माणसं गावात आहेतच.

[दृश्य: ज्वाळा, जवळून. साचा फिरतो आहे.]

बघा, साचा एका आसावर गोल फिरतो आणि दुसऱ्यावर पाळण्यासारखा झुलतो. इथे दाब नाही, पिचकारी नाही, घाई तर नाहीच. साधारण १२५ अंशांना पूड वितळू लागते, तापल्या पत्र्याला चिकटते, तिच्यावर पुढची पूड. थरावर थर चढत ५ मिलिमीटरची भिंत होते. तीही सलग, कुठे सांधा नाही. सांधाच नाही तर गळणार कुठून? काळा रंग कार्बनचा. त्यानं ऊन आत जात नाही, म्हणून शेवाळ धरत नाही.

कारागीर साच्याच्या नळीतून निघणारा धूर बघतो. हे भाकरीसारखंच. आतून खडबडीत राहिली तर कच्ची, जळका वास आला तर करपली. ठिसूळ दोन्ही.

[दृश्य: ज्वाळा बंद. मोठा पंखा. काका घड्याळ बघतात.]

"काका, हजी बे मिनिट," साचेवाले भाई गुजरातीत सांगतात, अजून दोन मिनिटं. काका जन्माचे बडोदेकर, बे मिनिट म्हणजे वीस हे त्यांना ठाऊक आहे. गरम असताना साचा उघडला तर टाकी वाकडी होते.

[दृश्य: साचा उघडतो. टाकी बाहेर येते.]

मधोमध टाकी आत दबली आहे, कंबर आल्यासारखी. पुढे-मागे धावणारं पाणी इथे अडखळतं. पॉलिएथिलीनला डिंक धरत नाही. म्हणून जोडण्या आट्यांच्या आणि सगळ्या वरच्या बाजूला. पाणी ओढणारी नळी वरूनच तळापर्यंत जाते. झाकण एवढं की कोपरापर्यंत हात आत जाऊन तळ घासता यावा. हवेची नळी खाली वळवलेली, तोंडाला डासांची जाळी. ही नळी नसेल तर पंप पाणी ओढताना टाकीच चेपेल. भरण्याचं तोंड डिझेलच्या तोंडापासून लांब ठेवलं आहे. अंधारात चुकीच्या टाकीत डिझेल गेलं तर आठ दिवस संपले.

भरल्यावर टाकी किंचित फुगते, म्हणून पट्टे अंगाशी आवळलेले नाहीत आणि खाली सलग फळी आहे.

[दृश्य: दांडियाबाजारातलं स्वयंपाकघर. चहा उकळतो आहे.]

शेवटची चाचणी काकूंकडे. नव्या टाकीच्या पाण्याचा चहा त्यांनी एक घोट घेऊन मोरीत ओतला. मग टाकीत खाण्याचा सोडा घातलेलं पाणी रात्रभर ठेवलं, तीनदा विसळलं. दुसरा चहा कपात टिकला.

[दृश्य: चांदोदचा घाट. ओरसंग जिथे नर्मदेला मिळते तिथे बोट तरंगते आहे. काका बोटीच्या अंगावर खडूनं रेघ मारतात.]

आधी डावी टाकी भरली. बोट डावीकडे कलली. मग उजवी भरली आणि बोट सरळ झाली. दोन्ही टाक्यांना जोडणारा कॉक काकांनी बंद केला. तो उघडा राहिला असता तर दोन टाक्या पुन्हा एकच रुंद टाकी.

खडूची रेघ पाण्याखाली गेली. बोट बोटभर बसली होती, दोन्ही अंगांना सारखी.

पुढच्या आठ दिवसांचं चित्रण नाही. भरूचला पोचले तेव्हा तीसेक लिटर शिल्लक होतं.