पाथरवटाची स्वतःची कबर

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊ या इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, पेन्सविक गावी. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांमधलं हे गाव लोकरी कापडावर श्रीमंत झालं. तो पैसा कुठे गेला, ते सेंट मेरी चर्चच्या आवारात दिसतं. कापड-व्यापाऱ्यांच्या घराण्यांच्या दगडी कबरी तिथे उभ्या आहेत. काही पेटीसारख्या चौकोनी, काही गोल. अंगावर देवदूत बाळांचे गुबगुबीत चेहरे, शिंपले, फुलांच्या माळा. बहुतेकांना वाटतं, देह त्या पेटीत असतो. तसं नाही. देह खाली जमिनीत, वरची पेटी रिकामी. पुन्हा सांगतो, पेटी रिकामी.

दगड तिथलाच, चुनखडीचा. खाणीतून काढला की मऊ, वारं लागलं की टणक. म्हणून इतकं नाजूक काम जमलं. आता त्यावर दगडफूल चढलंय. ते तारेच्या ब्रशनं घासून काढणारे लोक पाहिले की माझा जीव कळवळतो. देवळातल्या जुन्या मूर्तीही आपण असंच घासून घासून गुळगुळीत करतो. नका करू हो.

तर माझी गोष्ट. यातल्या कितीतरी कबरी ब्रायन नावाच्या पाथरवट घराण्यानं घडवल्या. त्यातला जॉन ब्रायन 1787 साली वारला आणि इथेच पुरला गेला. मी मनाशी म्हटलं, लोकांसाठी इतकं कोरलं, तर स्वतःची कबर काय सजली असेल! सगळ्यांत नक्षीदार कबर शोधत मी यू नावाच्या सदाहरित झाडांमधून फिरत राहिलो. ही झाडं नव्व्याण्णवच, शंभरावं लावलं तर सैतान जगू देत नाही, असं गाव सांगतं. अर्धा तास गेला. शेवटी झाडं कातरणाऱ्या एका आजोबांना विचारलं. त्यांनी नुसती कात्री उचलून दाखवलं. दोनदा ओलांडून गेलो होतो मी तिला! एक साधा, टोकदार दगडी पिरॅमिड. ना देवदूत, ना फुलांची माळ. देवदूत कोरणाऱ्याच्या कबरीवर एकही देवदूत नाही.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. मग मागे फिरलो आणि मघाच्या कबरींवरची बाळं पुन्हा पाहिली, या खेपेला एकेक करून, वाकून. एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता.