कुंकू पुसणारी काच

हा लाल फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायची रंगीत काच, पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. काचेला बोट लावू नका, कडेने धरा. एक डोळा मिटा, दुसऱ्यासमोर काच धरा आणि आसपास कुणाच्या कपाळावर कुंकू किंवा लाल टिकली असेल तर तिच्याकडे बघा. त्या ताईंची परवानगी आधी घ्या. दिसेनाशी झाली ना? आता हा खेळ मला किती महागात पडला ते सांगतो.

१९८६ ची दिवाळी. मी नुकताच एक जुना कॅमेरा घेतला होता आणि विकणाऱ्याने त्यासोबत हा फिल्टर फुकट दिला होता. आत इंदूचा कृष्णधवल रोल. आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. साताऱ्याकडे आत्याच्या गावी गेलो होतो. पाऊस जाऊन हवा धुतल्यासारखी स्वच्छ, निळ्या आकाशात कापसाचे ढग, आणि आत्या अंगणात धान्य वाळत घालत होती. लाल फिल्टर लावला की आकाश काळंभोर होतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. लावला आणि फोटो काढला.

प्रिंट केली तेव्हा मी हरखलो. आकाश कातळासारखं काळं, ढग त्यावर कोरल्यासारखे. प्रिंट घेऊन मुद्दाम गावी गेलो. आत्याने ती हातात धरली, क्षणभर बघितली, पालथी करून ठेवली आणि म्हणाली, "अरे, हे बसलेत की ओसरीवर!"

मला काही कळेना. मग प्रिंट पुन्हा उचलली. गळ्यातले काळे मणी जागेवर होते, पण कपाळ मोकळं होतं. मी आकाश बघत होतो, तिने कपाळ बघितलं. आत्या दोन छटा गोरीही झाली होती, पण त्याचं कौतुक करायची ती वेळ नव्हती. त्या रात्री मऊ पेन्सिलीने मी प्रिंटवर कुंकू काढलं.

आता हे झालं कसं? रंगीत काच आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडते, बाकीचा अडवते. म्हणून प्रिंटमध्ये तिच्या रंगाच्या वस्तू उजळतात आणि विरुद्ध रंगाच्या काळवंडतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा फिल्टरचा संपूर्ण नियम. लाल काचेचा बाब्या कोण? कुंकू. पण आपल्या सावळ्या त्वचेतूनही लाल प्रकाश भरपूर परत येतो. दोघंही उजळली, दोघांतला फरक गेला. डोळ्याला कुंकू वेगळं दिसतं ते रंगामुळे. फिल्मकडे रंग नाही, फक्त कमीजास्त उजेड आहे.

याच्या उलट उदाहरण तुमच्या घरात असेल. पणजीचा स्टुडिओतला फोटो काढून बघा, कपाळावरचं कुंकू बहुधा काळं असेल. कारण अगदी सुरुवातीच्या प्लेटला, म्हणजे फिल्मच्या जागी वापरायच्या त्या काचेला, जवळजवळ फक्त निळा प्रकाश कळायचा. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की प्लेटमध्ये विशिष्ट रंगद्रव्य घातलं तर ती हिरव्यालाही दाद देते. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आल्या, पण लाल त्यांनाही दिसत नव्हता. लाल म्हणजे त्यांच्या दृष्टीने काळोख, म्हणून तर त्या लाल दिव्यात धुता यायच्या. सगळे रंग पाहणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आली, आणि ती विकणाऱ्यांत इंग्लंडमधल्या क्रॉयडनचे रॅटन अँड वेनराइट होते. त्यांनीच तिच्यासाठी फिल्टर केले. पुढे १९१२ साली कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनला त्यांच्याकडचा शास्त्रज्ञ केनेथ मीस आपल्या प्रयोगशाळेसाठी हवा होता, तर त्याने अख्खी कंपनीच विकत घेतली. आपण आजही आठ नंबरचा पिवळा, पंचवीस नंबरचा लाल म्हणतो ते नंबर या रॅटनचे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं नंतर संगणकावर करता येतं. डिजिटल फोटोत येतं, कारण तिथे रंग नोंदलेला असतो. कृष्णधवल निगेटिव्हवर कुंकू आणि कपाळ एकदा सारख्या राखाडी रंगात उतरले की ते वेगळे करणारा स्कॅनर अजून जन्माला यायचाय. निर्णय शटर दाबायच्या आधीच घ्यायचा असतो. आणि हो, एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली, कागदाचा कॉन्ट्रास्ट बदलणारे फिल्टर ही निराळी जात आहे, त्यांच्याबद्दल मी आज बोलत नाही.

फिल्टर म्हणजे आकाश काळं करायचं साधन, हा समज इतका घट्ट आहे की माझी आत्या त्यात विधवा झाली. माझं म्हणणं एवढंच आहे की आकाश विसरा. शेजारी शेजारी असलेले दोन रंग बघा, त्यांतला कुठला उजळ हवा ते ठरवा, मग काच निवडा.

भगवी पताका घ्या. ऑक्टोबरात निळ्या आकाशावर ती डोळ्यांना ठसठशीत दिसते, पण नुसत्या फिल्मवर भगवा आणि निळा बरेचदा एकाच राखाडीत जमा होतात. नारिंगी फिल्टर लावा, आकाश खाली जातं, म्हणजे गडद होतं, पताका उजळते. झकास. आता तोच फिल्टर घेऊन आषाढात वारीला जा. आकाश ढगांनी भरलेलं, म्हणजे पांढरं. पांढऱ्यात सगळेच रंग असतात, त्याला कुठलाही फिल्टर काळं करू शकत नाही. पण पताका मात्र उजळली. पांढऱ्यावर जवळजवळ पांढरी! दिंडीतले वारकरी नुसत्या काठ्या घेऊन चाललेत असा फोटो येतो. तिथे फिल्टर काढून टाका, नाहीतर पिवळट हिरवा लावा, पताका गडद होऊन ढगांवर उठून दिसेल.

जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतात तेव्हाही हेच. निळ्या आकाशात उडालेली हळद पकडायची तर पिवळा फिल्टर हवा: निळं थोडं खाली, पिवळं वर. पण तोच भंडारा एखाद्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलेला दाखवायचा असेल तर पिवळा फिल्टर तुमचा वैरी. त्यातून बघितलं तर पिवळं आणि पांढरं एकच, सदरा कोरा दिसतो. निळा फिल्टर हळदीला काळं करील, पण तो मी जन्मात दोनदा वापरला असेन. त्यात आकाश कागदासारखं होतं आणि माणसांचे चेहरे आजारी.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे लोक जुलैत लाल फिल्टर लावून गडावर जातात आणि तीन स्टॉप उजेड गमावून, म्हणजे तो तीनदा निम्मा करून, तसेच परत येतात. लाल काच दूरचा निळसर धूसरपणा कापते हे खरं, पण तो हवेच्या कणांनी विखुरलेला निळा प्रकाश असतो. धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. लोहगडावरच्या धुक्यापुढे कुठल्याही फिल्टरचं काही चालत नाही. पावसाळ्यात फिल्टरचं काम जमिनीवर असतं. कोकणातला जांभ्याचा गडगा आणि त्यावर उगवलेलं नेचं आठवा. डोळ्याला काय सुंदर लाल-हिरवं! नुसत्या फिल्मवर दोन्हींचा एकच चिखल. नारिंगी लावला तर दगड उजळतो, नेचं गडद होतं. हिरवा लावला तर नेचं उजळतं आणि दगड मागे सरतो. दोन्ही फोटो खरे आहेत, गडग्याचा कुठला आणि नेच्याचा कुठला ते तुम्ही ठरवायचं. फक्त हिरव्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, पानं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच काळोखी असतात.

उजेडाचा हिशेब पटकन उरकतो. पिवळ्याचा फॅक्टर दोन, म्हणजे एक स्टॉप. पिवळट हिरव्या अकरा नंबरचा चार, म्हणजे दोन स्टॉप. नारिंगीचाही साधारण तेवढाच. पंचवीस नंबरच्या लालचा आठ, आणि आठ म्हणजे आठ स्टॉप नव्हेत, तीन! फॅक्टर म्हणजे उजेड किती पट लागेल. चारशेची फिल्म, कडक ऊन, १/५०० सेकंदाला एफ/१६ येत असेल तर लाल लावल्यावर एफ/५.६, म्हणजे लेन्सचं भोक तीन स्टॉप मोठं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर लाल काचेतून फार विसंबू नका, त्याचा डोळा आणि फिल्मचा डोळा सारखा नसतो. फिल्टरशिवाय मोजा आणि मग उघडा. उन्हातल्या सावल्यांना उजेड निळ्या आकाशाकडून मिळतो, त्यामुळे लाल फिल्टर सावल्याही खातो. गडाच्या दरवाजाखालचं कोरीव काम हवं असेल तर मी अर्धा स्टॉप आणखी देतो.

आता पिशवी. एके काळी माझ्याकडे चौदा फिल्टर होते आणि हवा तो कधीच सापडत नसे. सध्या तीन नेतो: पिवळा, पिवळट हिरवा, नारिंगी. लाल दसऱ्यापासून थंडीपर्यंत, तेही गड असला तरच. तुमच्या लेन्सपैकी सर्वांत मोठ्या तोंडाची जी असेल, समजा ५८ मिलिमीटर, त्या मापाचे फिल्टर घ्या आणि ५२, ४९ च्या लेन्ससाठी स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर छोट्या लेन्सवर बसवणारी कडी, घ्या. उलटं करू नका, मोठ्या लेन्सवर छोटा फिल्टर बसवला की फोटोचे कोपरे काळे होतात. या युक्तीत लेन्सचं हूड बसत नाही, मग उन्हाला हाताचा आडोसा करावा लागतो, तेवढं सोसा. दोन फिल्टर एकावर एक चढवू नका. लालवर पिवळा लावून काहीच होत नाही, पिवळा जे अडवणार ते लालने आधीच अडवलेलं असतं.

जुन्या बाजारात घेताना काच उजेडासमोर तिरकी धरून ओरखडे आणि बुरशी बघा, आणि रिंगवरच्या अक्षराला फसू नका. काहींवर 'जी' असतं. तो ग्रीन नव्हे, नारिंगी निघतो. आमच्या एका मित्राने अंधाऱ्या दुकानात असा हिरवा म्हणून घेतला होता. कातडी पाकिटं दिसायला देखणी, पण आपल्या पावसाळ्यात ती ओल धरतात. मी फिल्टर स्टीलच्या छोट्या गोल डबीत ठेवतो, मध्ये सुती कापडाचे तुकडे आणि सिलिका जेलची पुडी. भंडाऱ्याच्या गर्दीत डबी उघडूच नका. ती बारीक पूड आट्यांत शिरली की फिल्टर करकरतो, आणि काचेवर बसलेली पुसली तर ओरखडे उमटतात. आधी फुंकणीने उडवा. कुठला फिल्टर ते पायऱ्या चढायच्या आधी ठरवा आणि तोच दिवसभर ठेवा.

अडकलेला फिल्टर चिमटीत धरून कधी सुटत नाही, दाबल्याने रिंग अंडाकृती होते आणि आणखी आवळते. रबरी चपलेचा स्वच्छ तळ रिंगवर सपाट टेकवून हलकेच फिरवा. सगळीकडून सारखी पकड बसते. राजगडावर एकदा माझी चप्पल या कामी आली, तेव्हा खाली उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांना वाटलं काका कॅमेऱ्याला मारतायत.

आत्याचा फोटो मी दुसऱ्यांदा काढला, पुढच्या श्रावणात. ढगाळ दिवस, पिवळट हिरवा फिल्टर, मागे जास्वंदीचं झाड. आकाश पांढरं फटक आलं, कुंकू काळंभोर, जास्वंदीची फुलंही. तिने तो देवघराशेजारी लावला. पेन्सिलचं कुंकू असलेला मात्र तिच्या ट्रंकेत सापडला, ती गेल्यावर.

फिल्टर आला का परत? बघू. पाच जणांचे ठसे आहेत. असू दे, जुन्या बनियनचं कापड आहे माझ्याकडे.