हरवलेल्या लेखिकेची जाहिरात

नमस्कार, श्रोतेहो. शार्लट ब्रॉन्टे यांच्या १८४७ सालच्या 'जेन एअर' या इंग्रजी कादंबरीतली, थॉर्नफील्ड नावाच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली वेडी बायको, बर्था, तुम्हांला आठवत असेलच: जेनचे वाड्याच्या मालकाशी लग्न लागत असतानाच कळते, की त्याची ही पहिली बायको जिवंत आहे आणि त्यानेच तिला कोंडून ठेवले आहे. ती जमैकाची, एवढे कळते; तिची बाजू मात्र तिच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर १८९० मध्ये जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांना हेच खुपत राहिले, आणि त्यातूनच त्या बायकोची बाजू मांडणारी 'वाइड सारगॅसो सी' ही कादंबरी लिहिली गेली.

पण ती लिहिली गेली कशी, हे ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऱ्हीस इतक्या विस्मरणात गेल्या होत्या की त्या वारल्या, अशीच अनेकांची समजूत होती. १९४९ मध्ये सेल्मा वाझ डायस या अभिनेत्रीला त्यांची एक जुनी कादंबरी सादर करायची होती. परवानगी मागायची तर लेखिकेचा पत्ताच कुणाला ठाऊक नव्हता. अखेर 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात जाहिरात आली, की जीन ऱ्हीस कुठे आहेत हे ठाऊक असणाऱ्याने कृपया कळवावे. आणि श्रोतेहो, उत्तर आले ते खुद्द ऱ्हीस यांचेच! पुढे १९५७ मध्ये बीबीसीने ते रूपांतर प्रसारित केले आणि प्रकाशकांचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे वळले. वारलेली समजलेली लेखिका परत आली ती रेडिओवरून. माध्यमाचा अभिमान म्हणून हे दोनदा सांगतो, रेडिओवरून.

'वाइड सारगॅसो सी' ही नवी कादंबरी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. १९६४ मध्ये ती संपत आली, ऱ्हीस हस्तलिखित घेऊन लंडनला आल्या, संपादक डायना ॲथिल यांनी शॅम्पेनसह जेवणाचा बेत आखला, आणि नेमका तेव्हाच ऱ्हीस यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन-चार ओळीच घालायच्या राहिल्या होत्या, तरी आहे तशी कादंबरी छापायची नाही, असे वचन त्यांनी ॲथिलकडून घेतले. ते पाळले गेले आणि पुस्तक १९६६ मध्ये निघाले. तेव्हा ऱ्हीस शहात्तर वर्षांच्या होत्या. मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा 'फार उशीर झाला', एवढेच त्या म्हणाल्या.

आता प्रवासाविषयी थोडेसे. डर्बीशायरमध्ये हॅदरसेज गावाजवळचा नॉर्थ लीज हॉल हा 'जेन एअर'मधल्या थॉर्नफील्डचा नमुना मानला जातो, आणि वाचक तिथे जाऊन माना उंच करून त्याचे छत न्याहाळतात. जाणाऱ्याने पिशवीत ऱ्हीस यांचे पुस्तक जरूर ठेवावे. जाडजूड प्रस्तावनेची आवृत्ती मात्र घरीच राहू द्यावी, कारण प्रस्तावना आधी वाचणाऱ्याची कादंबरी वाचायची राहून जाते, असे माझे जुने मत आहे. ऱ्हीस यांच्या नायिकेचे नाव आंत्वानेत; बर्था हे नाव नवऱ्याने तिच्यावर लादलेले. इंग्लंड म्हणजे एखादे स्वप्नच असते का, असे ती बेटावर असताना विचारते. अखेरीस ती थॉर्नफील्डमध्येच कोंडली जाते, ज्या वाड्याची वाट आपण नकाशावर शोधतो त्याच वाड्यात. आणि तरीही हे इंग्लंड आहे हे ती मानायलाच तयार होत नाही. इंग्लंडकडे येताना वाटेतच आपण भरकटलो, असे तिचे म्हणणे.