गाणं आधी पोचलं पाहिजे, व्हिलन नंतर

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं. तर डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट खेळायच्या गेममधला बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारा भाट, म्हटलं की आपल्याला तो गुत्त्यात ल्यूट वाजवत फ्लर्ट करणारा गडी आठवतो, आणि मी म्हणतो व्हिलन करायला यापेक्षा भारी क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, नाही, कारण लोक याला स्वतःहून दार उघडतात, वर जेवायला पण घालतात.

जुन्या आयरिश कथांमध्ये ब्रेस नावाचा एक कंजूष राजा आहे. त्याच्याकडे एक कवी मुक्कामाला आला तर त्याला अंधारी खोली दिली, ना शेकोटी ना अंथरूण, आणि ताटलीत तीन सुक्या भाकऱ्या. सकाळी कवीने राजाची निंदा करणारं कवन म्हटलं आणि तिथून ब्रेसला जी उतरती कळा लागली ती लागलीच. कवीच्या निंदेने तोंडावर फोड उठतात असं तिथे मानायचे, आणि व्यंग असलेला माणूस राजा राहू शकत नसे. म्हणजे तलवार न काढता गादी गेली!

आपल्या गेममध्ये २०१७ ला कॉलेज ऑफ व्हिस्पर्स हा बार्डचा उपप्रकार आला, तो मला याच्या सगळ्यात जवळचा वाटतो. तिसऱ्या लेव्हलला वर्ड्स ऑफ टेरर मिळतं, समोरच्याशी एकट्यात किमान एक मिनिट बोलायचं, त्याचा विस्डम सेव्ह, म्हणजे परिणाम टाळायला टाकलेला फासा, फसला की तो तासभर घाबरलेला, तेही तुम्हालाच असं नाही, तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्याला. आणि सेव्ह जमला तरी आपल्याला कोणी घाबरवायला बघत होतं हे त्याला कळतच नाही. चार्म पर्सन या भुरळ घालायच्या मंत्राचं उलटं, तो उतरला की समोरच्याला कळतं, मग बोंबाबोंब. म्हणून माझा व्हिलन चार्म पर्सनला हात लावत नाही, तो फक्त कान भरतो.

मी व्हिलन म्हणून एक दरबारी गायिका केली होती. तिचा राजा लढाई हरून पळाला आणि तिने ती जिंकल्याचं गाणं रचलं, सगळ्या राज्यात गाजलं, आता ज्याला ज्याला खरं माहितीये तो तिच्या जिवावर उठलेला, निदान तिला तसं वाटतं. पार्टीने, म्हणजे प्लेअर्सच्या चार पात्रांनी, चुकून खरं माहीत असलेला एक जुना सैनिक वाचवला आणि पुढच्या गावात धर्मशाळेत शिरले तर लोक गाणं म्हणतायत, त्यात पळपुटे कोण तर हेच चौघं. सराईवाल्याने खोली नाही दिली. प्लेअर्स जे चिडले ना, अशी चीड ड्रॅगननेपण कधी आली नव्हती.

एक मात्र सांभाळा, प्लेअरच्या कॅरेक्टरवर सारखी जादू टाकून त्याच्या हातातलं काढून घेऊ नका, वैताग येतो त्यांना. गावकऱ्यांवर टाका, शिपायांवर टाका. आणि समोरासमोर मारामारीत तिला एकटी उभी करू नका, हिट डाय डी-८ चा, म्हणजे जीव बेताचाच, बार्बेरियनसारखा दांडगा लढवय्या दोन राऊंडमध्ये खेळ खलास करतो.

गाता येत नाही म्हणून घाबरू नका हो, मलापण येत नाही. दोन ओळी लिहा, यमक कच्चं असलं तरी चालेल, दर सेशनला कुणातरी वेगळ्याच्या तोंडी घाला. आमच्याकडे तिसऱ्या सेशनला फासे गोळा करताना एक प्लेअर स्वतःच ती गुणगुणत होता.