प्रतिसाद नाही

(बडोद्यात शिक्षक, छात्राध्यापक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. समोर माझ्या दोन शिक्षिका बसल्या आहेत, शेजारच्या काकू आहेत आणि यंदा बी.एड.ला असलेली मुलंमुलीही दिसताहेत. फिनलंडहून आल्यापासून सगळे मला एकच विचारतात, तिथल्या शाळा एवढ्या चांगल्या कशा? तीन महिने पाहुणी म्हणून राहून त्याचं उत्तर द्यावं, एवढा माझा अधिकार नाही. माझ्यात काय बदललं, तेवढं मात्र सांगू शकते. त्यासाठी आधी इथल्याच एका सातवीच्या वर्गात जावं लागेल.

जाण्याच्या आदल्या वर्षी तिथे माझे सराव पाठ चालू होते. गुजराती माध्यम, विषय इंग्रजी. माझं पाठ टाचण चोख असायचं, प्रस्तावनेपासून उपयोजनापर्यंत प्रत्येक पायरीला मिनिटं ठरलेली. खिडकीजवळ एक मुलगी बसायची. छोटा उदेपूरकडची, वडील इथे बांधकामावर होते आणि घरी राठवी ही आदिवासी बोली बोलायचे. मी तिला तीन वेळा प्रश्न विचारला, तीनही वेळा तिने मान खाली घातली. संध्याकाळी नोंदवहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’. लिहिताना मनात काही आलंसुद्धा नाही. मार्गदर्शकांनी वही तपासली, सही केली.

मग विद्यापीठांच्या अदलाबदलीतून मी फिनलंडमधल्या युवास्क्युलाला गेले. फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारं देशातलं पहिलं विद्यालय या गावात १८६३ साली सुरू झालं. आपले सयाजीराव महाराज जन्मले तेही १८६३मध्येच. हा योगायोग मला तिथे फार जवळचा वाटला होता. तिथल्या विद्यापीठाची स्वतःची सराव शाळा आहे आणि छात्राध्यापक तिथेच पाठ घेतात. मला पाचवीचे इंग्रजीचे तास मिळाले.

मला वाटायचं, मी बडोद्याची, भाषेची अडचण मला कसली? घरी मराठी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. चार भाषांत वाढलेल्या माणसाला ‘कळत नाही’ ही अवस्थाच ठाऊक नसते. मला ती शिक्षकांच्या खोलीत कळली. कॉफीचे मग घेऊन सगळे हसत बोलत असायचे, प्रेमाने मला जागा करून द्यायचे आणि मी हातातला मग धरून बसून राहायचे. कुणी इंग्रजीत काही विचारलं तर उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. डिसेंबरात तिथे साडेनऊनंतर उजाडतं आणि पावणेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्या अंधारात मी कमी कमी बोलायला लागले. आईशी फोनवरही.

तिथे तासानंतर मुलांना पंधरा मिनिटं बाहेर सोडतात, थंडीतही. एका सुट्टीत देखरेखीला मी होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा बर्फावर घसरून पडला आणि रडत माझ्याकडे आला. तो भडाभडा काहीतरी सांगत होता आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ‘कुठे लागलं रे?’ एवढंसुद्धा त्याच्या भाषेत विचारता येईना. मी गुडघ्यावर बसून त्याचा हात धरला. तेवढ्यात मागून एक मुलगी आली आणि त्याला काहीतरी म्हणाली. नंतर एका सहकाऱ्याकडून अर्थ कळला, ‘ही फिनिश बोलत नाही.’ चिडवणं नव्हतं त्यात. तिने सरळ माहिती दिली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण खिडकीजवळची ती मुलगी आठवली. तिच्याबद्दल मीही अशीच माहिती लिहिली होती. फरक एवढाच, की माझ्या लिहिण्याला शिक्षकाची सही होती.

दुसऱ्या दिवशी मी एक शब्द शिकले, ‘सत्तुइको?’ म्हणजे ‘लागलं का?’ पुढचे दोन महिने मी तो मैदानावर किती वेळा वापरला, विचारू नका.

माझ्या मार्गदर्शक शिक्षिका फार थोडं बोलायच्या. एका पाठानंतर त्यांनी मला कागद दाखवला. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, मी किती सेकंद थांबले ते लिहिलं होतं. एक. एक. दोन. एक. दोनदा तर उत्तरही मीच दिलं होतं. पुढे वाचताना कळलं, की मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, घशाला कोरड पडते. मला ते जमायला महिना लागला, आणि या सगळ्या प्रवासात मी मिळवलेली सगळ्यात कठीण गोष्ट तीच आहे.

आणखी एक पाहिलं. घरी अरबी, सोमाली किंवा रशियन बोलणाऱ्या मुलांसाठी तिथे त्यांच्या भाषेचे तास असतात, साधारण आठवड्याला दोन. फिनिश त्यांना वेगळ्या पद्धतीने, दुसरी भाषा म्हणून शिकवतात. घरची भाषा दाराबाहेर काढून ठेवायला कुणी सांगत नाही. बाहेर काढायचे ते फक्त बूट.

हे ऐकून ‘त्यांचं काय, श्रीमंत देश’ असं म्हणू नका. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा फिनलंडमध्ये १९२१ साली झाला. आपल्या बडोदा संस्थानात तो प्रयोग १८९३मध्ये अमरेलीत सुरू झाला आणि १९०६मध्ये सगळ्या संस्थानाला लागू झाला. ज्या सयाजीरावांनी तो केला ते बारा वर्षांचे असताना १८७५मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून इथे आले होते. लिहायला-वाचायला ते इथे येऊन शिकले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, सगळं एकदम. त्या मुलाला कुणीतरी वेळ दिला म्हणून पुढचं सगळं झालं, असं मी मानते. आणि दूरचं कशाला, आपल्याच विद्यापीठात पूर्वी इंग्रजी शिकवणाऱ्या गणेश देवींनी छोटा उदेपूरकडच्या तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली. तेजगढ इथून दोन-तीन तासांवर. मी फिनलंडला जाऊन आले, तोवर तेजगढला गेले नव्हते.

परत आल्यावर त्या शाळेत गेले. ती मुलगी तिथे नव्हती. काम संपलं, कुटुंब दुसरीकडे गेलं, कुठे ते कुणाला ठाऊक नाही. नोंदवही माझ्याकडे आहे, तो शेरा मी खोडलेला नाही.

आता मी जिथे शिकवते त्या वर्गात घरी राठवी, भोजपुरी, मारवाडी बोलणारी मुलं आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला एक तास मी त्यांच्या घरच्या भाषेतल्या गोष्टींना दिला आहे. पहिले दोन शनिवार कुणी तोंड उघडलं नाही. मी थांबले. तिसऱ्या शनिवारी एका मुलाने आजीची गोष्ट सांगायला घेतली आणि अर्ध्यावर घंटा झाली. पुढच्या आठवड्यात तो धावत आला, म्हणाला, ‘बेन, बाकी छे.’

मला त्याची गोष्ट पूर्ण कळत नाही. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. इथे बसलेल्यांत निवृत्त मंडळी आहेत, पंचमहाल-छोटा उदेपूरकडे नोकऱ्या केलेली आहेत, त्या बोली कानावरून गेलेली आहेत. शनिवारी पाऊण तास येऊन बसाल का? शिकवायचं काही नाही, ऐकायचं आहे. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी मला नाव द्या, वही घेऊनच आले आहे.