शांत वाटणारी जागा

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या लघुलहरी रिसीव्हरवर मोर्सचे संकेत ऐकण्याची सोय आहे, त्यांनी तो एकदा १४.१०० मेगाहर्ट्झवर लावून पाहावा. हौशी रेडिओवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय बीकन प्रकल्पातील, म्हणजे आपोआप ठरावीक संकेत पाठवणाऱ्या, १८ केंद्रांना तिथे तीन मिनिटांच्या फेऱ्यात एकामागून एक पाळी नेमून दिलेली आहे. फेरा सुरू झाल्यावर दीड मिनिटाने पाळी येते ती श्रीलंकेच्या ‘फोर एस सेव्हन बी’ची, आणि महाराष्ट्राला त्यातल्या त्यात जवळचे केंद्र तेच.

प्रत्येक केंद्राला मिळतात दहा सेकंद. तेवढ्यात ते आपले सांकेतिक नाव आणि एक लांब डॅश १०० वॅटवर पाठवते, आणि मग तसेच तीन डॅश अनुक्रमे १० वॅट, १ वॅट आणि ०.१ वॅटवर. यांतला कितवा डॅश कानी पडतो, यावरून त्या दिशेला आयनांबराची, म्हणजे लघुलहरी परतवणाऱ्या उंचावरच्या विद्युतभारित थराची, कृपा कितपत आहे ते कळते. १९७९ साली उत्तर कॅलिफोर्नियातील एकाच बीकनपासून सुरू झालेला हा व्यवहार आज अठरा जणांना एका वारंवारतेवर नांदवतो, तो केवळ घड्याळाच्या जोरावर.

अडचण मात्र ऐकणाऱ्याच्या कानात आहे. आयनांबर प्रतिकूल असले की बीकन ऐकू येत नाही, जागा मोकळी वाटते आणि कोणीतरी तिथेच संभाषण सुरू करतो. बीकनवर तर माणूस बसलेला नसतो, त्यामुळे ‘ही जागा घेतलेली आहे’ असे उत्तर देणारेही कोणी नसते.

हीच चूक उलट्या बाजूनेही घडते. १२४० ते १३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हौशी सेवा दुय्यम आहे, म्हणजे तिने मुख्य वापरकर्त्याला उपद्रव द्यायचा नाही आणि स्वतःसाठी संरक्षणही मागायचे नाही. युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शक उपग्रहांचा एक संकेत १२७८.७५ मेगाहर्ट्झभोवती पसरलेला असतो, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत तो खरखरीच्याही खाली गेलेला असतो. हौशी माणसाला तिथे काहीच ऐकू येत नाही, पण शेजारचा दिशादर्शक रिसीव्हर नेमका तोच संकेत वेचत असतो. अशा अडथळ्याच्या मोजक्या तक्रारी युरोपात झाल्या, आणि २०२३ साली दुबईच्या जागतिक रेडिओ परिषदेत हा प्रश्न चर्चेला आला. न्यायाने बोलायचे तर अरुंद पट्टीच्या बीकनपेक्षा रुंद पट्टा व्यापणारे हौशी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण इथे अधिक त्रासदायक ठरते.

गंमत अशी, की ती दहा सेकंदांची पाळी अचूक सांभाळण्यासाठी बीकन केंद्रे वेळ घेतात, तीही दिशादर्शक उपग्रहांकडूनच.