वर्गणीची वही

नमस्कार, श्रोतेहो.

मी लहान असताना आमच्या मोहल्ल्यातल्या फुटबॉल क्लबची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. कोणी किती वर्गणी दिली, बॉल केवढ्याला पडला, कामठीला मॅच खेळायला जाताना टेम्पोचं भाडं किती झालं, सगळं तिच्यात. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी क्लबचे सेक्रेटरी ती मोठ्याने वाचून दाखवत. माझ्या बाबांनी कधी बॉलला पाय लावला नव्हता, पण ते वर्षाला अकरा रुपये देत. म्हणून तेही उभे राहून विचारत, "भाऊ, जाळ्या दोन घेतल्या म्हणता, मैदानावर एकच दिसते. दुसरी कुठं आहे?" आणि सेक्रेटरींना उत्तर द्यावंच लागे.

आज नागपुरातली पोट्टी रात्र रात्र जागून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबच्या मॅच बघतात. हरल्यावर त्यांना जेवण जात नाही. त्यांच्याशी बोललं की खेळाडूंपेक्षा मालकांबद्दलचा राग जास्त ऐकू येतो. २००५ साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने हा क्लब घेतला तो मोठं कर्ज काढून, आणि त्यातला बराच बोजा क्लबवरच टाकला. घर एकाने घ्यायचं आणि हप्ते घरातल्या भाडेकरूंनी भरायचे, असाच हा व्यवहार. काही चाहते त्याच वर्षी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. बाकीचे आत राहून झगडले. २०१० मध्ये त्यांनी लाल रंग बाजूला ठेवून हिरवे-पिवळे मफलर गळ्यात घातले, कारण क्लबचं नाव न्यूटन हीथ होतं तेव्हाचे हे रंग.

आपल्या देशातलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९११ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही मानाची स्पर्धा जिंकली. २०२० मध्ये या क्लबचा फुटबॉल विभाग एटीके या संघात विलीन झाला. ८० टक्के वाटा एटीकेच्या मालक कंपनीचा झाला आणि नावापुढे 'एटीके' लागलं. पैसा आला, चांगले खेळाडू आले, हे कबूल केलंच पाहिजे. तरीही चाहते तीन वर्षं एकच मागणी करत राहिले, की ते नाव काढा. २०२३ मध्ये संघाने आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला आणि त्यानंतर लगेच मालकांनी ते काढत असल्याचं जाहीर केलं. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की संघ जिंकत होता, तरी लोकांचं समाधान झालेलं नव्हतं.

आणि विम्बल्डन! २००२ मध्ये हा लंडनचा क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. म्हणजे नागपूरचा क्लब उचलून वर्ध्याच्याही पुढे नेल्यासारखं. चाहत्यांनी काय केलं? त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली. कोणीही यावं, खेळून दाखवावं. असा एएफसी विम्बल्डन उभा राहिला, चाहत्यांच्या मालकीचा. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवरून चढत चढत २०११ मध्ये तो वरच्या व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेन रस्त्यावर, नव्या मैदानात परतला. जर्मनीत तर निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडे राहावीत असा नियमच आहे, दोनेक क्लबांचा अपवाद सोडला तर.

मालक नकोत, असं माझं म्हणणं नाही. गोलकीपर कोण, कोच कोण, हे चाहत्यांनी ठरवायला जाऊ नये. त्यात गोंधळच होतो. पण नाव, रंग आणि मैदान ही मालकाने एकट्याने विकायची वस्तू नव्हे. त्यासाठी लोकांची संमती हवी, आणि हिशेब सर्वांसमोर यायला हवा. त्यातही पहिला मान मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांचा. इथं टीव्हीसमोर जागणाऱ्या आपल्या पोरांचं प्रेम खरंच आहे, पण मॅच लंडनला की दुबईला, हे विचारायचं तर आधी त्या गल्लीतल्या माणसाला विचारावं.

आमच्या मोहल्ल्याचा क्लब अजून आहे. यंदा एका व्यापाऱ्याने पूर्ण संघाला जर्सी आणि बूट देऊ केलेत. अट एकच, जर्सीचा रंग त्याच्या दुकानाचा. मुलांकडे धड बूट नाहीत, हे मला माहीत आहे. या रविवारी सभा आहे. बाबा आता नाहीत. वर्गणी मी भरतो, आणि मी जाणार आहे. आधी वही वाचा म्हणणार आहे, मग रंगाचं बोलू.

नमस्कार.